बर्फाला आंघोळ घालणारे काका

आमच्या घरात पंखा होता, पण दिवसा तो लावायची बंदी होती. सुरतेच्या लिंबायतमध्ये पत्र्याखालची एक खोली, तिच्यात आम्ही सहा माणसं, आणि खोलीभर पसरलेल्या साड्या. आई साड्यांवर खडे चिकटवायची. गोंद सुकायच्या आत पंखा लावला की खडे उडून कोपऱ्यात जायचे, आणि एक साडी बिघडली की मार्केटवाला दुसऱ्या चार परत पाठवायचा. त्यामुळे मे महिन्यातही आम्ही पंख्याकडे नुसतं बघत बसायचो. वडील कडोदऱ्याला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. बारा तास त्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते, आणि आपण हळू बोलतोय असं समजून ते जे बोलायचे ते तीन गल्ल्यांना ऐकू जायचं. माझ्या बारावीच्या निकालाची बातमी गल्लीला तशीच कळली. त्या गुणपत्रिकेवर एक हिरवा खडा अजून चिकटलेला आहे, भौतिकशास्त्राच्या गुणांच्या बरोबर शेजारी. काढायचा प्रयत्न केला होता, पण कागद फाटायला लागला. आईचं काम पक्कं असायचं.

वडील चौथी, आई दुसरी, आणि मी बी.एस्सी. फिजिक्स. हे मी कुठेही सांगते, बढाई म्हणा हवं तर.

पदवी मिळाली, पण पदवीला नोकरी मिळेना. शेवटी औद्योगिक वसाहतीतल्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये बोलावणं आलं. तिथे काका होते. त्यांना नाव होतं, दारावर पाटीही होती, पण शेठपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणायचे.

बाहेर डांबर वितळत होतं आणि आत एक साठीचे गृहस्थ लोकरीचा स्वेटर आणि माकडटोपी घालून बसले होते. मला वाटलं तापानं फणफणलेत. नंतर कळलं, लॅबमध्ये बारा महिने तेवीस अंश ठेवायचे, आणि काकांना थंडी सोसत नसे. टोपी काढायला विसरून ते तसेच रस्त्यावर जात. वसाहतीतले ट्रकवाले त्यांना बघून हॉर्न वाजवत.

त्यांनी माझे कागद पाहिलेच नाहीत. एका स्टीलच्या उभ्या पिंपाकडे बोट दाखवलं. पिंपात तेल होतं, आत काहीतरी घरघरत फिरत होतं आणि वर लाल आकडे दिसत होते.

"बेन, इथे बसा. काही करू नका."

"किती वेळ?"

"मी येईपर्यंत."

ते पाऊण तासाने आले. तोवर मी खरंच काही केलं नाही. करण्यासारखं काही नव्हतंच, आणि खरं सांगायचं तर आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला एसीत फुकट बसवलं होतं.

"काय पाहिलं?"

"आकडा खूप हलत होता. मग कमी हलायला लागला. मग चहावाल्याने दार उघडलं, तेव्हा परत हलला. आता शेवटचाच आकडा हलतोय."

काकांनी आतल्या खोलीकडे तोंड करून शेठना हाक मारली, "शेठ, ह्या बेनला ठेवून घ्या." माझ्या आधी तिघे आले होते म्हणे. एकाने मोबाइल काढला, दुसऱ्याने बटण दाबून पाहिलं, आणि तिसऱ्याने तेलात बोट घातलं. त्याला शेठनीच दवाखान्यात नेलं.

काम काय असतं ते सांगते, कारण आमच्या नातेवाइकांना ते अजून कळलेलं नाही. मिलमध्ये, दवाखान्यात, गॅसच्या प्लांटमध्ये तापमान मोजायच्या सळ्या असतात. त्यांना प्रोब म्हणतात. त्या खरं सांगतात की खोटं, हे तपासावं लागतं. त्या आमच्याकडे येतात. आम्ही त्या तेलाच्या नाहीतर पाण्याच्या बाथमध्ये, म्हणजे तसल्या पिंपात, बुडवतो, शेजारी आपला खात्रीचा प्रोब बुडवतो, आणि दोघं काय म्हणतात ते लिहितो. खात्रीच्या प्रोबला मास्टर म्हणायचं. झालं, एवढंच. आई गल्लीत तिच्या अहिराणीत सांगायची, "मन्ही पोर तेलमा काड्या बुडाडस." त्यावर बाया विचारायच्या, भज्यांची गाडी टाकली का?

आमचे काका पक्के मराठी, पण जन्म सुरतेचा आणि आजोळ बडोद्याचं. त्यामुळे वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कुठेतरी वाटेत गुजराती होऊन उतरायचं. सुरतेत राहून त्यांच्या तोंडात एक शिवी नव्हती. माणूस सुरतेचा आणि शिवी देत नाही, यावर चहावाल्याचा विश्वासच बसत नसे. फार चिडले तर ते म्हणत, "अनस्टेबल माणूस आहे!" ही त्यांची सगळ्यात घाण शिवी. एकदा त्यांनी ती महापालिकेच्या माणसाला दिली आणि मग दिवसभर त्यांनाच वाईट वाटत राहिलं.

लॅबमध्ये एका वेळी तीनच माणसं, हा त्यांचा नियम. त्यांच्या हिशेबाने माणूस म्हणजे खोली तापवणारा शंभर वॅटचा बल्ब. शेठ मोठ्या हौसेने गिऱ्हाइकांना लॅब दाखवायला आणायचे आणि काका पाहुण्यांसमोर म्हणायचे, "शेठ, पाच बल्ब आत आले. दोन विझवा." शेठ काठियावाडी, स्वभावाने दिलदार, स्वतःच बाहेर जाऊन काचेतून हात हलवत उभे राहायचे.

"गरम" आणि "थंड" हे शब्द त्यांना चालत नसत. मी एकदा म्हटलं, "काका, चहा गरम आहे."

"कोणाच्या मानाने?"

चहा ते बाहेर जिन्यात बसून प्यायचे, कारण आत खाण्यापिण्याला सक्त मनाई. खिशातला छोटा थर्मामीटर कपात उभा करायचे आणि अठ्ठावन्न आल्याशिवाय तोंड लावायचे नाहीत. चहावाला रोज विचारायचा, "काका, चा ने ताव आव्यो के?" चहाला ताप आलाय का! एका रविवारी ते लोचो, म्हणजे सुरतेचा वाफाळता नाश्ता, खायला गेले तेही तोच थर्मामीटर घेऊन. लोचोवाला म्हणाला, काका, एकतर तो काढा, नाहीतर तुम्ही निघा.

हा ताप घरीही होता. दिवाळीला त्यांच्या अडाजणच्या घरी मी फराळाला गेले, तेव्हा काकूंनी सांगितलं. एकदा काकूंना सणकून ताप भरला. थर्मामीटर एकशे दोन दाखवत होता. काकू म्हणाल्या, गोळी द्या. काका म्हणाले, याचं सर्टिफिकेट संपलंय. ते थर्मामीटर घेऊन लॅबमध्ये आले, बाथमध्ये तपासला आणि दोन तासांनी घरी जाऊन म्हणाले, "बराबर आहे. ताप आहे तुला."

"तोवर शेजारणीने गोळी दिली होती नि मी पोळ्या करत होते," काकू म्हणाल्या. काका शांतपणे चकली मोडत होते.

मला शिकवताना त्यांनी पुस्तक कधी उघडलं नाही. प्रोब कमी बुडवला की म्हणायचे, "नख बुडवून कढई किती तापली ते कळेल का? पूर्ण उतरव." घाई केली की म्हणायचे, "आकडा हलतो तोवर ती अफवा. बसला की बातमी." आणि बर्फाच्या बाबतीत तर त्यांचं सोवळं होतं. शून्य अंशाची खात्री करायची तर थर्मासमध्ये बर्फ आणि शुद्ध पाणी यांचा लगदा करतात आणि त्यात मास्टर बुडवतात. बर्फाचा तुकडा कुठलाही असो, अगदी आमच्याच मशीनचा असला तरी, काका तो तीनदा डिस्टिल्ड पाण्याने धुवायला लावत. "आधी बर्फाला आंघोळ," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की घरी सरबत करतानाही बर्फ धुवायला लागले. आई म्हणाली, "येडी व्हयनी का वं?"

एकदा पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलने रंगाने माखलेले प्रोब न पुसताच पाठवले, आणि आमच्या नव्या माणसाने ते तसेच बाथमध्ये सोडले. पिंपभर महागडं तेल गुलाबी झालं. काका बराच वेळ त्यात बघत उभे होते. मग त्यांनी बाटलीभर गुलाबी तेल काढलं, त्यावर मिलचं नाव, तारीख आणि तापमान लिहिलं, आणि रिक्षाने मिलच्या मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवलं. काही न बोलता परत आले. त्या मिलचे प्रोब नंतर इतके चकाचक यायला लागले की शेठ म्हणायचे, आता त्यांना हार घाला.

आता सहीचं. आमच्या सर्टिफिकेटवर खाली ज्याची सही असते, तो त्या आकड्याला जबाबदार असतो. ती सही फक्त काकांची होती. मला तीन वर्षं झाली होती. काम मी करायची आणि सही ते करायचे. ते आजारी पडले की सगळं काम ठप्प, म्हणून ते आजारी पडत नसत. शेठ कावले होते. काकूंना भावाकडे नाशिकला जायचं होतं, पण बावीस वर्षांत काकांनी सलग चार दिवसांची रजा घेतली नव्हती. मला सही हवी होती, कारण सहीबरोबर वरचं पद आणि मोठा पगार होता, आणि तेवढ्यावर आईच्या खोलीतल्या साड्या कायमच्या बंद होणार होत्या. पण सही देणं काकांच्या हातात नव्हतं. वर्षातून एकदा बाहेरून ऑडिटर येतो, तो परीक्षा घेतो, तो म्हणेल तर मिळते.

त्या वर्षी काकांनी माझं नाव पुढे केलं. तेही कसं, तर फॉर्मवर लिहिलं आणि मला सांगितलं, "नाव लिहिलंय. स्पेलिंग बघून घे."

ऑडिटच्या आदल्या दिवशी बर्फाचं मशीन बंद पडलं. शेठनी ड्रायव्हरला सांगितलं, सकाळी कुठूनही चांगला बर्फ आण. त्याने आणला, मोठे, काचेसारखे तुकडे, आइसबॉक्स भरून.

ऑडिटर दक्षिणेकडचे होते, सडपातळ, हिंदीत बोलणारे, चेहऱ्यावर काही न दाखवणारे. त्यांनी सांगितलं, मॅडम शून्याची तपासणी करून दाखवतील. आणि काकांना म्हणाले, "आप बैठिए, पर कुछ बोलिएगा नहीं." काका स्टुलावर बसले.

शेठ काचेबाहेर. आत ऑडिटर, काका आणि मी. म्हणजे बरोबर तीन बल्ब. माझा मात्र पाचशे वॅटचा झाला असावा, कारण मला घाम फुटला होता. मी बर्फ उचलला, फोडला आणि थर्मासमध्ये भरला. काका खोकले. मी पाणी ओतलं. काका परत खोकले. ऑडिटरने त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी माकडटोपी ओढून तोंडावर घेतली आणि छताकडे बघत बसले. मला वाटलं, एसीने घसा धरलाय.

मास्टर बुडवला. थांबले. थांबायला तर मी पहिल्या दिवसापासून शिकले होते. आकडा खाली आला, हलला, कमी हलला आणि बसला. अगदी दगडासारखा बसला. वजा शून्य पॉइंट चार.

शून्य यायला हवं होतं. बसलेला आकडाही खोटा असू शकतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी आकडा वेळेसह वहीत लिहिला, पेनाने. आमच्याकडे पेन्सिल ठेवतच नाहीत.

"मास्टर ख़राब है?" ऑडिटरने विचारलं.

तेवढ्यात शेठ न राहवून आत आले. त्यांनी काचेतून आकडा पाहिला होता. मला हळूच म्हणाले, "बेन, मास्टर जूनो थयो छे, एम लखी नाखो ने. नवो लई लेशुं." मास्टर जुना झाला असं लिहून टाक, नवा घेऊ. त्यांच्या डोक्यात एवढंच होतं की पोरीची सही जाऊ नये. पण मास्टर बिघडला असं लिहिलं, तर वर्षभरात त्याच्या भरवशावर दिलेलं प्रत्येक सर्टिफिकेट संशयात. त्यांच्यावर सगळीकडे काकांची सही. काका स्टुलावर टोपीत तोंड घालून बसले होते, आणि त्यांचा उजवा पाय भरभर हलत होता. बावीस वर्षांत त्यांचं काही इतकं हललेलं कुणी पाहिलं नसेल.

मग मला त्यांचा खोकला आठवला. खोकला कधी आला ते आठवलं. बर्फ उचलला तेव्हा, आणि पाणी ओतलं तेव्हा. त्या दोन्हींच्या मध्ये एक काम करायचं असतं.

मी आइसबॉक्समधून एक खडा उचलला आणि जिभेला लावला.

खारट!

लिंबायतला आमच्या समोरच कुल्फीवाला राहायचा. मडक्यातल्या बर्फात तो मूठमूठ मीठ टाकायचा. मिठाने बर्फ शून्याच्याही खाली जातो, त्याशिवाय कुल्फी जमत नाही, हे मला पदवीच्या आधीपासून माहीत होतं. ड्रायव्हरला आत बोलावलं. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, नाक्यावरच्या कुल्फीवाल्याकडून आणला, एकदम चोख्खो माल.

शेठचा चेहरा खुलला. त्यांना दोषी सापडला होता. ते ड्रायव्हरकडे वळलेच होते, तेवढ्यात मी म्हटलं, "सर, बर्फ कुठूनही येऊ दे, आमच्या पद्धतीत तो तीन वेळा धुवायचा असतो. मैंने धोया नहीं. गलती मेरी है. मास्टर ठीक है."

हे बोलताना मला आईची खोली दिसली, साड्यांसकट. पण बोलून झालं होतं.

ऑडिटर म्हणाले, "दिखाइए."

मी तोच बर्फ घेतला. एक आंघोळ, दुसरी, तिसरी. थर्मास घासून धुतला. लगदा केला, मास्टर बुडवला. पाऊण तास थांबले. शेठ स्वतःहून बाहेर जाऊन काचेला नाक लावून उभे होते, ड्रायव्हर त्यांच्या मागे हात जोडून. आकडा खाली आला, हलला, बसला. शून्य पॉइंट शून्य शून्य.

ऑडिटरने माझी वही मागितली. वजा पॉइंट चारच्या शेजारी स्वतःची सही केली आणि आपल्या कागदावर दोन शेरे लिहिले. पहिला, ठरलेली पायरी गाळली. दुसरा, प्रयोगशाळेत पदार्थ खाल्ला. दुसरा लिहिताना ते पहिल्यांदा किंचित हसल्यासारखे वाटले. मग बॅग बंद करत म्हणाले, "सिग्नेटरी के लिए रेकमेंड कर रहा हूँ." आणि दारावरच्या खाण्यापिण्याच्या मनाईच्या पाटीवर बोट टेकवून निघून गेले.

शेठनी पेढे मागवले. मी डबा घेऊन जिन्यात गेले. काका चहाच्या कपात थर्मामीटर उभा करून बसले होते. मला वाटलं, आता शाबासकी देतील.

"खारट होतं?"

"हो, काका."

"किती?"

"चवीपुरतं."

"चवीपुरतं हे एकक नाही." त्यांनी थर्मामीटर काढून पुसला. "वजा पॉइंट चार म्हणजे किलोला साडेसहा ग्रॅम मीठ. आकडा स्वतः सांगत होता, बेन. जीभ कशाला लावलीस?"

त्यांनी पेढ्याचा डबा माझ्या हातून घेतला, दोन पेढे खाल्ले आणि घरी फोन लावला. "नाशिकची तिकिटं काढ," ते म्हणाले. पलीकडून काकू काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, पण काकांना तेच वाक्य तीन वेळा म्हणावं लागलं.

ते अकरा दिवस गेले. रोज दोनदा फोन करायचे. कामाचं काही विचारायचे नाहीत, फक्त म्हणायचे, "फोन बाथजवळ धर." तेल ढवळणाऱ्या स्टररची घरघर ऐकायचे आणि ठेवून द्यायचे. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. स्वेटर खुंटीवरच राहिला. त्यांनी मागितला नाही आणि आम्ही पाठवलाही नाही, कारण नवा माणूस तो घालतो.

आता त्या लॅबची प्रमुख मी आहे. हाताखाली पाच जण आहेत, त्यांतले दोघे इंजिनीअर. आम्ही भेस्तानला दोन खोल्यांच्या पक्क्या घरात राहतो, वडील लूमवरून घरी बसले आहेत, आणि आईने खडे चिकटवणं सोडून चार वर्षं झाली. हजीऱ्यापासून वापीपर्यंत आमच्या लॅबचं तापमानाचं जे सर्टिफिकेट जातं, त्याच्यावर माझी सही असते.